घरचा सर्व्हर : एक दार, पाच बिऱ्हाडं

वाशीम जिल्ह्यातल्या एखाद्या खात्यापित्या घराचा डेटा आज कुठे कुठे विखुरलेला असतो, ते एकदा मांडून पाहावं. लग्नाचे, बारशाचे फोटो एका कंपनीच्या क्लाउडवर असतात आणि 'जागा संपली' असं ती दर महिन्याला बजावत असते. सातबारा, फेरफार, पीकविम्याच्या पावत्या व्हॉट्सॲपच्या ढिगाऱ्यात. गावच्या सप्ताहातल्या कीर्तनांची रेकॉर्डिंगं कुणाच्या तरी पेनड्राइव्हमध्ये. दुकानाची वेबसाइट कुणीतरी करून दिलेली, तिचं होस्टिंगचं बिल दरवर्षी येतं. हे सगळं घरातल्या एका छोट्या संगणकावर नांदू शकतं आणि पुण्याला शिकणाऱ्या मुलीच्या मोबाइलवर उघडू शकतं. त्यासाठी प्रत्येक सेवेला वेगळं यंत्र लागत नाही की वेगळी इंटरनेट जोडणी लागत नाही.

एका यंत्रावर पाच सेवा चालवणं हे त्यातलं सोपं काम आहे. त्यातली कोणती सेवा कोणासाठी उघडी ठेवायची, आणि लाइन गेली, वीज पडली, डिस्क मेली तर काय करायचं, ही खरी अवघड कामं. लेखात दोन्हींचा हिशेब क्रमाने पाहू.

उदाहरणापुरतं रिसोडचं एक घर धरू. खाली कृषी केंद्र, वर राहतं घर, मुलगी पुण्यात, धाकटा भाऊ नागपुरात. त्यांना पाच गोष्टी हव्यात. फोटोंसाठी इमिच, कागदपत्रांसाठी नेक्स्टक्लाउड, कीर्तनं आणि चित्रपटांसाठी जेलीफिन, दुकानाच्या वेबसाइटसाठी वर्डप्रेस आणि इंटरनेट बंद असतानाही मुलांना मराठी विकिपीडिया वाचता यावा म्हणून किविक्स. पाचही सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहेत, म्हणजे परवान्याचा खर्च शून्य.

यंत्र कोणतं?

पहिला विचार येतो तो अडगळीत पडलेल्या जुन्या डेस्कटॉपचा. तो चालतो, पण बिल पाहा. जुना डेस्कटॉप साधारण ७० वॉट खातो. चोवीस तास, तीस दिवस चालला की महिन्याला ५० युनिट. महावितरणच्या घरगुती दरात शंभराच्या वरच्या युनिटला बराच चढा भाव लागतो, आणि मुळात ८० युनिट जळणाऱ्या घरात ही पन्नासची भर नेमकी त्या पलीकडे नेते. त्याऐवजी कचेऱ्यांमधून निघालेले, पुस्तकाएवढे छोटे मिनी पीसी जुन्या बाजारात मिळतात. ते सरासरी १५ वॉटवर भागवतात, म्हणजे महिन्याला अकरा युनिटच्या आत. ८ जीबी रॅम असली तर पाच सेवा कशाबशा मावतात, १६ जीबी असली तर आरामात. फोटोतले चेहरे ओळखण्याचं काम इमिच करतं तेव्हा त्याला रॅम लागते, बाकीच्या चौघांची भूक कमी असते.

जुना लॅपटॉपही चांगला, कारण बॅटरी अंगचीच असते. पण अष्टौप्रहर चार्जिंगला लावलेली बॅटरी फुगते. चार्जिंग साठ ते ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याची सोय त्यात असेल तरच तो घ्यावा. रास्पबेरी पाय घेणाऱ्यांनी मेमरी कार्डावर डेटा ठेवू नये, सततच्या लिखाणाने ती कार्डं झिजतात. एसएसडी जोडावी.

त्यावर डेबियन किंवा उबुंटूसारखं लिनक्स टाकायचं. कमांड लिहिण्याचा धाक वाटत असेल त्यांच्यासाठी फ्रीडमबॉक्स आणि युनोहोस्ट अशी तयार बांधणी आहे. त्यात सेवा ब्राउझरमधून बटण दाबून बसवता येतात. फ्रीडमबॉक्सची कल्पना कायद्याचे प्राध्यापक एबेन मोग्लेन यांनी मांडली आणि २०११ साली त्यासाठी संस्था उभी राहिली. पुढे त्याच्या जडणघडणीत हैदराबादच्या मंडळींचा मोठा हात राहिला, आणि तेलंगणातल्या काही गावांनी त्यावर गावाचं वायफायही चालवलं.

एकाच पत्त्यावर पाच नावं

आता मुख्य कोडं. घराला इंटरनेटवर एकच पत्ता असतो, म्हणजे एकच आयपी. ब्राउझर वेबसाइटसाठी नेहमी ४४३ क्रमांकाचं पोर्ट ठोठावतो, तेही एकच. मग आलेली मागणी फोटोंसाठी आहे की दुकानाच्या वेबसाइटसाठी, हे यंत्राला कसं कळतं?

जुन्या वाड्यासारखंच. दिंडी दरवाजा एक, आत बिऱ्हाडं पाच. पोस्टमन दारापर्यंत येतो, आणि कुणाचं पत्र ते पाकिटावरच्या नावावरून ठरतं. वेबवरही प्रत्येक मागणीवर नाव लिहिलेलं असतं. सुरुवातीला ते नव्हतं. वेबच्या पहिल्या वर्षांत ब्राउझर फक्त 'हे पान दे' म्हणायचा, कोणत्या वेबसाइटचं ते सांगायचा नाही, त्यामुळे प्रत्येक वेबसाइटला स्वतंत्र आयपी लागायचा. १९९७ साली आलेल्या एचटीटीपी १.१ या नियमावलीने नाव सांगणं सक्तीचं केलं. पण कुलूपबंद, म्हणजे एचटीटीपीएस वेबसाइटची अडचण तशीच राहिली. नाव कुलपाच्या आत, आणि कुठलं कुलूप लावायचं ते नाव कळल्याशिवाय ठरेना! २००३ साली त्यावर तोड निघाली. बोलणं कुलूपबंद होण्याआधीच ब्राउझर नाव उघड सांगून टाकतो. एसएनआय म्हणतात ती हीच सोय. आज घरच्या एका आयपीवर पाच काय, पन्नास वेबसाइट नांदतात त्या या दोन सुधारणांमुळे.

दारावर उभं राहून नाव वाचणाऱ्या आणि मागणी योग्य बिऱ्हाडी पोचवणाऱ्या प्रोग्रॅमला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. इगोर सिसोएव यांचा २००४ सालचा एनजिनएक्स त्यातला नामवंत. नवशिक्याला मात्र कॅडी सोपा पडतो.

पुण्यातल्या मुलीने मोबाइलवर 'फोटो.उदाहरण.भारत' उघडलं असं समजू. पायऱ्या अशा पडतात. मोबाइल आधी डीएनएसला विचारतो, या नावाचा पत्ता काय? डीएनएस घरच्या राउटरचा आयपी सांगतो. मागणी राउटरच्या ४४३ पोर्टवर येते. राउटरला आपण सांगून ठेवलेलं असतं की ४४३ वर येईल ते सगळं १९२.१६८.१.१० या आतल्या पत्त्यावर, म्हणजे मिनी पीसीकडे ढकल. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. तिथे कॅडी नाव वाचतो. त्याच्या यादीत लिहिलेलं असतं : 'फोटो' असेल तर २२८३ पोर्ट, 'गाणी' असेल तर ८०९६. पहिल्यावर इमिच ऐकत बसलेला असतो, दुसऱ्यावर जेलीफिन. हे आतले क्रमांक बाहेरच्या कुणाला दिसत नाहीत आणि राउटरमध्ये उघडावेही लागत नाहीत. प्रत्येक सेवेसाठी राउटरला नवं भोक पाडणारे लोक इथेच चुकतात. ८० आणि ४४३ ही दोन पोर्टं पुरतात.

उदाहरणातलं नाव मुद्दाम देवनागरी घेतलं आहे. .भारत ही नावं २०१४ पासून मिळतात. आत मात्र यंत्र त्या नावाचं रोमन अक्षरांतलं एक सांकेतिक रूप वापरतं आणि कधी कधी सेटिंगच्या फाइलीत तेच लिहावं लागतं. नको असेल ती कटकट, तर साधं .इन नाव घ्यावं. मूळ नाव एकदा विकत घेतलं की त्याच्या पुढची 'फोटो', 'गाणी', 'दुकान' ही उपनावं हवी तितकी फुकट पाडता येतात.

कुलपाची प्रमाणपत्रंही फुकट आहेत. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तिचं नेहमीचं प्रमाणपत्र नव्वद दिवसांचं असतं. तारीख लक्षात ठेवायचं काम कॅडीचं, तो मुदतीआधी आपोआप नवं आणतो.

आणखी एक गंमत बसवल्या दिवशीच कळते. पुण्यातून फोटो झकास उघडतात, पण रिसोडच्या घरातच, वायफायवर, तेच नाव उघडत नाही. घरातून निघालेली मागणी राउटरच्या बाहेरच्या पत्त्यावर जाऊन पुन्हा आत वळावी लागते, आणि अनेक राउटरांना ही कोलांटी जमत नाही. उपाय म्हणजे घरापुरता छोटा डीएनएस चालवायचा. पाय-होल किंवा ॲडगार्ड होम बसवून त्याला सांगायचं की घरातल्यांनी हे नाव विचारलं तर थेट आतला पत्ता दे. लाइन आहे पण इंटरनेट बंद आहे, अशा दिवशीही मग घरात फोटो, कीर्तनं, विकिपीडिया चालू राहतात.

बिऱ्हाडांच्या मधल्या भिंती

पाच सॉफ्टवेअर एकाच लिनक्सवर सरळ टाकली तर ती एकमेकांच्या पायात पाय घालतात. एकाला पीएचपीची एक आवृत्ती हवी, दुसऱ्याला भलतीच. म्हणून २०१३ पासून डॉकरची पद्धत रुळली. प्रत्येक सेवा आपल्या गरजेच्या सगळ्या फाइलींसकट एका कंटेनरमध्ये बंद. कंटेनर म्हणजे आख्खा वेगळा संगणक नव्हे. लिनक्सचा गाभा सगळ्यांचा सामाईक असतो, त्यामुळे रॅम फार खर्ची पडत नाही. सेवा काढून टाकायची झाली तर कंटेनर पुसला की मागे कचरा राहत नाही.

दोन गोष्टी मात्र हाताने ठरवाव्या लागतात. एक, डेटा कंटेनरच्या बाहेर, आपल्याला माहीत असलेल्या फोल्डरमध्ये ठेवायचा. कंटेनर पुसला तरी फोटो राहिले पाहिजेत. दुसरी, भिंतींची. वर्डप्रेस जगाला उघडा असतो आणि त्याच्या लॉगिनच्या पानावर स्वयंचलित प्रोग्रॅम दिवसरात्र डोकं आपटत असतात. तो फुटला तरी चोराला फोटोंपर्यंत वाट मिळू नये, म्हणून त्याचं डॉकर नेटवर्क वेगळं ठेवायचं, आणि कॅडीशिवाय त्याला कुणाशी बोलू द्यायचं नाही.

पत्ताच आपला नसतो तेव्हा

इथवर सगळं पुस्तकाप्रमाणे. पण रिसोडमध्ये फायबरची जोडणी घेऊन पोर्ट फॉरवर्डिंग केलं तरी बाहेरून काहीच उघडत नाही, असं पुष्कळदा होतं. दोष सेटिंगचा नसतो.

आयपीव्ही४ प्रकारचे पत्ते जगात जेमतेम ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून झाले. म्हणून कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्याआड बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. आपला राउटर ज्या दारामागे आहे ते दारच कंपनीचं, आणि तिथे आपल्याला भोक पाडता येत नाही. तपासणी सोपी आहे. राउटरच्या पानावर 'वॅन आयपी' पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल, तर सीजीनॅट नक्की, कारण २०१२ साली तो पट्टा याच कामासाठी राखून ठेवला गेला. तसा नसला तरी 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या वेबसाइटवरचा आकडा राउटरमधल्या आकड्याशी जुळतो का ते पाहावं. जुळला नाही तर दुखणं तेच.

वाटा चार. पहिली, कंपनीकडून वरचे पैसे भरून स्थिर आयपी घ्यायचा. दुकानाच्या नावावर जोडणी असेल तर बऱ्याचदा मिळतो. दुसरी, आयपीव्ही६. त्यात पत्त्यांची टंचाई नाही, घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा जाहीर पत्ता मिळू शकतो आणि भारतात त्याचा प्रसारही मोठा आहे. पण पाहणाऱ्याच्या जोडणीलाही आयपीव्ही६ लागतं, नाहीतर नागपूरच्या कचेरीतल्या वायफायवर वेबसाइट गायब. तिसरी, टेलस्केलसारखं खाजगी जाळं. त्याच्या पोटात वायरगार्ड ही कुलूपबंद जोडणीची सोय आहे, जी मार्च २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आली. चौथी, बोगदा. घरचा संगणक स्वतःहून बाहेरच्या एका यंत्राशी जोडणी करून ती धरून ठेवतो, आणि लोकांच्या मागण्या त्याच जोडणीतून उलट्या आत येतात. सीजीनॅट आत येणाऱ्याला अडवतो, बाहेर जाणाऱ्याला नाही, म्हणून हे चालतं. क्लाउडफ्लेअरचा बोगदा फुकट मिळतो, पण त्यात कुलूप मध्येच त्यांच्या यंत्रावर उघडतं. दुकानाच्या जाहीर वेबसाइटला ते चालेल, घरच्या कागदपत्रांना नको.

सीजीनॅट नसला तरी पत्ता बदलता असतोच. राउटर बंद पडून चालू झाला की आकडा नवा. त्यासाठी डायनॅमिक डीएनएसचा एक छोटा प्रोग्रॅम लावायचा. पत्ता बदलला की तो डीएनएसमधली नोंद काही मिनिटांत बदलून टाकतो.

कोण कुठवर येणार?

आता तीन याद्या करायच्या. किविक्स फक्त घरातल्यांसाठी, त्याला बाहेर नावच नको. फोटो, कागदपत्रं आणि जेलीफिन नात्यातल्यांसाठी. ते खाजगी जाळ्यातूनच उघडतील अशी सोय करायची. मुलीच्या आणि भावाच्या मोबाइलवर टेलस्केल एकदा बसवून दिलं की त्यांच्यासाठी सगळं घरात बसल्यासारखंच, आणि बाहेरच्या जगाला तिथे काही आहे याचा पत्ताही नाही. जगासाठी उघडी राहते ती एकटी दुकानाची वेबसाइट.

अशी वाटणी केली की निम्मी सुरक्षा आपोआप होते. उरलेली नेहमीची शिस्त : दुरून लॉगिन पासवर्डने नाही तर किल्लीच्या फाइलने, राउटरचं सेटिंगचं पान बाहेरून बंद, लिनक्सची सुरक्षा-दुरुस्ती आपोआप चालू, आणि कंटेनरांची नवी आवृत्ती महिन्यातून एकदा, बॅकअप घेतल्यावरच.

वेगाची चिंता फारशी नको. ५० एमबीपीएसचा अपलोड म्हणजे सेकंदाला सुमारे सहा मेगाबाइट. मोबाइलचा एक फोटो सेकंदाच्या आत जातो, ८ एमबीपीएसचे सहा चित्रपट एकाच वेळी पाहता येतात. फक्त जोडणी घेताना डाउनलोडबरोबर अपलोडचाही आकडा विचारून घ्यावा. जाहिरातीत तो नसतो.

लाइन जाते तेव्हा

शहरातल्या लेखात दोन ओळींत उरकतो तो भाग आपल्याकडे सगळ्यात मोठा. मृगाच्या पहिल्या वादळात लाइन जाते, डीपी जळाली तर लवकर येत नाही.

बऱ्याच घरांत इन्व्हर्टर असतो. १२ व्होल्ट, १५० ॲम्पिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. गळती आणि बॅटरी पूर्ण न उपसण्याची काळजी धरली तर हाती हजारच्या आसपास. मिनी पीसी, राउटर आणि फायबरचा डबा मिळून २५ वॉट. त्यांच्याबरोबर दोन पंखे, तीन दिवे चालवले तर एकूण २०० वॉट, म्हणजे पाच तास. पंखे बंद केले तर सर्व्हर रात्र सहज काढतो. इन्व्हर्टरच्या मागे 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असं एक बटण असतं. ते यूपीएसवर ठेवावं. नॉर्मलवर बदल होताना क्षणभर जो खंड पडतो तो पंख्याला जाणवत नाही, पण संगणक तेवढ्यात बंद होऊन चालू होतो आणि डेटाबेस अर्धवट लिहिला जाण्याची भीती असते. बॅटरीही संपली तर? बायॉसमध्ये 'वीज आल्यावर चालू व्हा' हा पर्याय निवडून ठेवावा, म्हणजे लाइन आली की घरी कुणी नसतानाही यंत्र उठतं. गावातल्या इंटरनेटवाल्याचा स्वतःचा बॅकअप संपला, तर मात्र आपल्या हाती काही नाही.

वीज पडण्याचं गणित वेगळं. फायबर काचेचा, त्यातून वीज येत नाही. पण खांबावरून घरापर्यंत येणाऱ्या केबलमध्ये अनेकदा आधारासाठी पोलादी तार असते. ती भिंतीबाहेरच तोडून ठेवलेली असावी, डब्यापर्यंत आणू नये. शेजारच्या घरापर्यंत गच्चीवरून तांब्याची लॅन केबल टाकू नये, तिथे वायफाय किंवा फायबरच बरा. सर्ज प्रोटेक्टर लावावा, पण अर्थिंग धड नसेल तर त्याचा उपयोग बेताचाच. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या कांडीपासून सुटते. म्हणून कांडीभोवतीच्या कोळसा-मिठाच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालत राहावं आणि पावसाळ्यापूर्वी वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्यावं.

उष्णतेचंही तसंच. वैशाखात पारा ४२-४३ वर चढतो, आणि टिनाच्या छपराखालची खोली त्याहून तापते. यंत्र तळमजल्यावर, मोकळ्या हवेत, जमिनीपासून दोन-तीन फूट वर ठेवावं. बंद कपाटात नको. सोयाबीन काढणीच्या दिवसांत बाजाराच्या रस्त्यावरच्या घरांत भुस्सा उडून येतो, तो पंख्यात साठतो. दिवाळीआधी घर झाडताना तेही झाडून घ्यावं.

दुसरी प्रत, तिसरी प्रत

डिस्क मरते, प्रश्न फक्त कधी मरते एवढाच. नियम प्रसिद्ध आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आपल्या घरासाठी त्याचा अर्थ असा की एक प्रत यंत्रात, एक घरातल्या बाहेरच्या डिस्कवर आणि एक नागपूरला भावाकडे. ३०० जीबीचे फोटो ५० एमबीपीएसवर पाठवायला चौदा-पंधरा तास लागतात. पहिली प्रत डिस्कवर भरून नागपूरला जाताना सोबत न्यावी हे सोयीचं, पुढे रोज रात्री फक्त नवे बदल जातात. रेस्टिक हा प्रोग्रॅम हे काम करतो आणि डेटा कुलूपबंद करूनच पाठवतो. भावाच्या घरून डिस्क चोरीला गेली तरी उघडणार नाही. पण त्याचा पासवर्ड त्याच यंत्रात ठेवला तर यंत्राबरोबर तोही जाईल. तो कागदावर, घराच्या खरेदीखताशेजारी असावा.

चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी केली तर ती अर्धवट निघू शकते. आधी डेटाबेसकडून त्याची पूर्ण उतरण काढायची, मग ती कॉपी करायची. आणि दर तिमाहीला एखादा जुना फोटो, एखादा सातबारा बॅकअपमधून खरोखर परत आणून पाहायचा. परत आणून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबता येत नाही.

घरी न ठेवण्यासारखं

ईमेलचा सर्व्हर घरी चालवू नये. घरगुती जोडण्यांचे पत्ते मेलच्या जगात संशयितांच्या यादीत असतात, मेल स्पॅममध्ये जातो किंवा पोचतच नाही. दुकानाचे हिशेब मुंबईच्या फ्रापे कंपनीच्या मुक्तस्रोत इआरपीनेक्स्टवर घरीही ठेवता येतात, पण हंगामात, पेरणीच्या तोंडाला, दुकानात रांग लागलेली असताना तोच बंद पडला तर कोण दुरुस्त करणार, हे ठरवल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.

सुरुवात किविक्सपासून करावी. तो घराबाहेर जात नाही, त्यात गमावण्यासारखं काही नाही, आणि लिनक्स, डॉकर, आतला डीएनएस हे सगळं त्यातून हाताखालून जातं. मग फोटो आणावेत, पण क्लाउडवरची प्रत वर्षभर तशीच राहू द्यावी. मग कागदपत्रं, मग कीर्तनं. जगाला उघडी असणारी दुकानाची वेबसाइट सगळ्यात शेवटी. प्रत्येक सेवा आणताना एका कागदावर तीन ओळी लिहाव्यात : ती कोणासाठी आहे, तिचा डेटा कोणत्या फोल्डरमध्ये आहे, आणि ती बंद पडली तर काय करायचं. यंत्र बसवणारा गावाला गेला असताना घरातल्या दुसऱ्या माणसाला त्या कागदावरून ते चालू करता आलं, तर समजावं की आता पुढची सेवा आणायला हरकत नाही.